चौथ्या घासानंतर

बोरी अरबच्या मंगल कार्यालयात एका रविवारी दुपारी अठ्ठावन्न माणसांनी एक चित्रपट पाहिला. चोवीस जणांना भीती वाटली आणि चौतीस जणांना कंटाळा आला. पडदा एकच होता, वेळही एकच. मतभेद मला नवे नाहीत. मात्र ते इतके टोकाचे का झाले याचे कारण सापडत नव्हते, आणि दारव्ह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर कारण न सापडलेल्या गोष्टीशेजारी स्वस्थ बसणे मला जमत नाही.

चित्रपट निशिगंधाचा होता. ती बोरीची, माझी जुनी विद्यार्थिनी. चार वर्षे खपून तिने ‘आवार’ नावाचा भयपट केला होता. भयपट हा शब्द तिचा. त्यात भूत नाही, रक्त नाही, दचकवणारे संगीत नाही. सुखीबाई नावाची म्हातारी एकटी राहते आणि आवाराच्या भिंतीपलीकडे कोणीतरी येऊन थांबते असे तिला वाटत राहते, एवढेच कथानक. मध्यावर एक दृश्य आहे. भर दुपारी सुखीबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे, तिच्या मागे निंबाखाली दोन बैल बसले आहेत, आणि कॅमेरा नऊ मिनिटे दहा सेकंद जागचा हलत नाही. या वेळात कोणी येत नाही आणि कोणी बोलत नाही.

वाद या दृश्याचा होता. चित्रपटाचा संकलक नयन यवतमाळचा. चित्रपटात त्याचा निम्मा वाटा. त्याच्या मते ते दृश्य दीड मिनिटाचे हवे होते. निशिगंधाने आधी ते दृश्य कल्पिले होते आणि उरलेला चित्रपट त्याच्याभोवती रचला होता. “ते कापलं तर बाकीचा सिनेमा मी कशासाठी केला, मॅडम?” असे तिने मला फोनवर विचारले होते. गुरुवारपर्यंत चित्रपट एका महोत्सवाला पाठवायचा होता. दोन महिने भांडून शेवटी दोघांनी एक कागद केला: बोरीत चित्रपट दाखवायचा, निम्म्याहून अधिक लोकांनी ‘या दृश्यात काहीच घडत नाही’ असे लिहिले तर दृश्य दीड मिनिटावर आणायचे. खाली दोघांच्या सह्या. मोजणी माझ्याकडे दिली, कारण मला चित्रपटातले काही कळत नाही याबद्दल मात्र दोघांचे एकमत होते.

खेळ संपल्यावर आलुपोह्याच्या ताटल्या हातात घेऊन लोकांनी मी केलेले प्रश्नांचे अर्ज भरले आणि भरता भरता भांडले.

“नऊ मिनिटं राजेहो!” खताचे दुकान चालवणारा घनश्याम म्हणाला. “अन् म्हातारीची टोपली अर्धीबी भरली नाई. माही आई असती तं पोतं झालं असतं.”

“भाऊजी, हसू नका,” त्याच्या शेजारची मानीबाई म्हणाली. “माह्या अंगावर काटा आला. मले वाटलं, कोनी तरी हाका मारा वं तिले, उठवा तिथून.”

“काहून? काय झालं होतं तिले?”

“मले काय माईत काहून!”

“भेव तं मलेबी वाटलं,” घनश्याम म्हणाला. “म्हटलं, हा सिनेमा संपतच नाई का काय आता.”

बहुतेक लोक हसले. मानीबाई हसली नाही. निशिगंधा दाराशी उभी राहून चहाचे कप भरत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

अर्जात मी वय, शिक्षण, बसण्याची रांग आणि भुताखेतांवर विश्वास आहे की नाही, हे विचारले होते. सायंकाळी घरी येऊन सर्व तक्ते मांडले. भ्यायलेल्यांत पदवीधर होते, न शिकलेले होते, विशीतले आणि सत्तरीतले होते. भूत मानणारे अकरा जण कंटाळले होते आणि न मानणारे नऊ जण घाबरले होते. पुढे बसणे, मागे बसणे, पंख्याखाली बसणे, कशाचाही संबंध लागत नव्हता. ‘का भीती वाटली’ या रकान्यात बहुतेकांनी ‘सांगता येत नाही’ असे लिहिले होते. निकाल लागला होता आणि निशिगंधाच्या विरुद्ध लागला होता. तो मी मंगळवारी सांगणार होते.

सोमवारी सकाळी आठ वाजता माझ्या फाटकाशी मोटारसायकल थांबली. बोरीजवळच्या तांड्यावरचे शेतकरी खेमसिंग आणि त्यांची मुलगी अंजू. अंजू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती; तिनेच वडिलांचा अर्ज भरला होता.

“म्याडम, एक इचाराचं होतं,” खेमसिंग ओट्यावर बसत म्हणाले. “ते बैल कोनाचे हायेत?”

“कोणते बैल?”

‘मॅडम, कोणते गुरुत्वाकर्षण?’ असे कोणी वर्गात विचारले असते तर माझा चेहरा जसा झाला असता, तसा त्यांचा झाला.

“सिनेमातले. निंबाखालचे. बरे हायेत ना ते?”

“बा, चार डाव सांगतलं,” अंजू म्हणाली. “सिनेमा होय तो. खोटं रायते.”

“म्हातारी खोटी असन. बैल तं खरे हायेत ना?”

मी खेमसिंगांना, काय दिसले ते सविस्तर सांगायला सांगितले.

“पोट भरून बैल बसला का रवंथ सुरू करते,” खेमसिंग म्हणाले. “घास वर येते, चघळते, गिळते, जरासाक थांबते, मंग दुसरा घास. सुखात असला म्हणजे असं चालूच रायते. त्या डाव्या बैलानं चौथा घास गिळला अन् थांबला. म्हटलं, आता घेईन, आता घेईन. घेतलाच नाई! मंग दुसराबी थांबला. दोघायचे कान भिंतीकडे. जनावर असं उगाच करते का, म्याडम? मी खुर्चीत ताठ झालो. हे पोरगी बाजूले मोबाइल पाहून राह्यलती.”

“मग कारणाच्या रकान्यात ‘सांगता येत नाही’ का लिहिले?”

“हे म्हणे, बैलाचं लिहिलं तं लोकं हसतीन.”

अंजूने स्वतःच्या अर्जात ‘काहीच घडत नाही’ लिहिले होते. ती पायातल्या चपलेकडे पाहत राहिली. मी निशिगंधाला फोन लावून बैल चित्रीकरणानंतर ठीक होते का, हे विचारले. ते देवराव नावाच्या शेतकऱ्याचे होते आणि आजही वखराला जात होते. खेमसिंग चहा पिऊन समाधानाने गेले. ते ज्यासाठी आले होते ते त्यांना मिळाले होते. माझे काम मात्र आता सुरू झाले.

माझ्याकडे चित्रपटाची प्रत होती. मी ते दृश्य घड्याळ लावून पाहिले. डाव्या बैलाचा पहिला घास एक्कावन्न वेळा चघळला गेला. चार सेकंद विराम. दुसरा चौपन्न वेळा, पाच सेकंद. तिसरा एकोणपन्नास, चार सेकंद. चौथा घास तीन मिनिटे अडतीस सेकंदांवर गिळला गेला, आणि त्यानंतरचा विराम दृश्य संपेपर्यंत, म्हणजे साडेपाच मिनिटे, संपला नाही. उजवा बैल सात सेकंदांनी थांबला. हे दृश्य मी यापूर्वी दोनदा पाहिले होते. मी अमरावतीत वाढले. बैल मला पोळ्याला दिसतात, तेही झुलीखाली.

सोमवारचा उरलेला दिवस मी फोनवर घालवला. अठ्ठावन्नपैकी एक्कावन्न जण सापडले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: घरात जनावरे बांधलेली असताना तुम्ही काही वर्षे काढली आहेत का? भ्यायलेल्या बावीस जणांपैकी एकोणीस ‘हो’ म्हणाले. कंटाळलेल्या एकोणतीसपैकी आठ. उत्तराचा अंदाज आल्यावर विचारलेला प्रश्न संशयास्पद असतो, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. तरीही हा फरक सोडून देण्याजोगा नव्हता. सर्वांत विलक्षण होती मानीबाई. वीस वर्षे म्हशी दोहणारी ही बाई मला म्हणाली, “बैल? कोनते बैल? माहं तं बैलाकडं लक्षच नोयतं.”

आता प्रश्न उरला तो बैलांनी काय पाहिले याचा. मी नागपूरला रजतला फोन केला. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण त्याच्याकडे होते. त्या दुपारी भिंतीपलीकडे, बैलांचे कान वळले होते त्या कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूला कोण होते, असे मी त्याला विचारले.

“मीच होतो, मॅडम. निशिगंधाला सांगू नका, प्लीज.”

“सांगावे लागेल. काय झाले?”

“टेक चालू असताना वारा सुटला. माइकवर केसाळ कव्हर घालतात, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून. मी ते आधीच घालायला हवं होतं. विसरलो. मग भिंतीमागे बसून हळूच घातलं आणि माइकची काठी परत वर केली.”

“कव्हर दिसायला कसे आहे?”

“काळं. मांजराएवढं. लांब केस आहेत.”

“आणि ते हलत होते?”

“हात दुखत होता ना, मॅडम. थोडं हलणारच.”

मंगळवारी दुपारी मी बोरीला निशिगंधाच्या घरी गेले. नयन लॅपटॉप उघडून बसला होता. खेमसिंग आणि अंजू गावात खत घ्यायला येणार होते. त्यांनाही मी बोलावून घेतले होते. प्रथम मी निकाल सांगितला: चौतीस विरुद्ध चोवीस. त्यानंतर बैल, फोन आणि रजत.

“म्हणजे चोवीस माणसं माइकला भ्यायली?” नयनने विचारले.

“माइकला बैल भ्यायले. माणसे बैलांमुळे.”

निशिगंधा आधी मोठ्याने हसली. मग म्हणाली, “पाच टेक होते. हाच मी निवडला, का ते मला आजवर सांगता आलं नव्हतं. मी सुखीबाईच्या हातांकडे बघतेय असं मला वाटायचं.” ती नयनकडे वळली. “पण निकाल निकाल आहे. काप.”

तिचा आवाज सरळ होता. मी तिला थांबवू शकत नव्हते. निकाल पाहून निकष बदलता येत नाहीत. नयनने प्रामाणिकपणे काम केले. चौथा घास गिळण्याचा क्षण मध्यभागी ठेवून त्याने अलीकडचे पाऊण मिनिट आणि पलीकडचे पाऊण मिनिट घेतले, आणि लॅपटॉप खेमसिंगांपुढे सरकवला.

खेमसिंगांनी दीड मिनिट लक्षपूर्वक पाहिले.

“याच्यात तं काहीच नाई.”

“बैल थांबला ना, काका,” नयन म्हणाला.

“बैल थांबतेच. घास गिळला का थांबते. कुतरं भुकलं तरी थांबते. याच्यात भ्यायचं काय?”

“मग त्या दिवशी कसे भ्यायलात?”

“त्या दिवशी आंधी तीन डाव पाह्यलं होतं ना बापा, थांबते अन् पुन्हा घेते. म्हणून तं चौथ्या डावाले वाट पाह्यली.”

नयनने कागदावर ‘३:३८’ लिहून त्याखाली रेघ ओढली. “बरं, हे आधीचं समजलं. पण नंतर साडेपाच मिनिटं कायले पाहिजेत? एक मिनिट पुरे नाही का?”

खेमसिंगांनी विचार केला. “पयलं मिनिट म्हटलं, कुतरं असन. कुतरं इतका वेळ थांबत नाई. मंग म्हटलं, कोल्हं असन. कोल्हं दिवसा भिंतीजवळ येत नाई. मंग म्हटलं, रोही असन. रोही दिसली असती, घोड्याएवढी उंच रायते. मंग म्हटलं, मानूस असन. पन मानसाले बैल इतकं भेत नाई.”

“मग?”

“मंग माह्याजवळचे जनावरं संपले.”

एकेक शक्यता तपासून बाद करण्याची पद्धत मी अनेकांना शिकवली आहे. ती इतक्या नीट वापरलेली क्वचित पाहिली. नयनने दीड मिनिटाची फाइल निवडली आणि काढून टाकली.

“कागदाचं काय करायचं, मॅडम?” त्याने विचारले. “सह्या आहेत.”

“करार तुम्हा दोघांचा आहे. दोघांना मोडायचा असेल तर मोडा. मी मोजले फक्त. चौतीस हे चौतीसच राहतील, आणि ते चुकलेले नाहीत. त्यांच्यापुरते तिथे खरेच काही घडले नाही.”

“माझ्याच गावचे चौतीस,” निशिगंधा म्हणाली. “पुण्या-मुंबईत तर अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न कंटाळतील, नयन. तिथं बैल कोण बघणार?”

“मग सांगू त्यांना.” नयनने महोत्सवाचा अर्ज पडद्यावर आणला. त्यात प्रेक्षकांसाठी दोन ओळींच्या निवेदनाची जागा होती. “‘बैलांकडे लक्ष ठेवा.’ बस, एवढंच.”

मी या सूचनेला दुजोरा दिला. ज्या गोष्टीवर परिणाम अवलंबून आहे ती निरीक्षकाला माहीत असावी. लपवून काही साधत नाही. अंजूचेही तेच मत पडले. “मले सांगतलं असतं तं मीबी पाह्यलं असतं,” ती म्हणाली.

“मले कोनी सांगतलं होतं वं?” खेमसिंगांनी विचारले.

निशिगंधाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. लांबीच्या रकान्यात तिने एक तास चव्वेचाळीस मिनिटे असे भरले. नऊ मिनिटे दहा सेकंद त्यात पूर्ण होती. ध्वनिमुद्रणासमोर रजतचे नाव लिहिले. निवेदनाच्या जागी कर्सर काही वेळ लुकलुकत राहिला. नयनने तिला आणखी एकदा, हळू आवाजात, ते वाक्य सुचवले. तिने नकारार्थी मान हलवली आणि जागा रिकामी ठेवून अर्ज पाठवला.

ते एक वाक्य लिहायला हवे होते, असे मी तिला निघताना स्पष्ट सांगितले. माझे मत आजही तेच आहे.