बसलेला थवा

सहलीला आलेल्या माणसाला काय हवं असतं, हे सहलीच्या कचेरीत बसणाऱ्याला विचारा. त्याला सगळंच हवं असतं, आणि तेही जेवणाच्या आधी! कासव दिसलं तर ते एवढं लांब का होतं, घोरपड दिसली तर ती हलत का नव्हती. समुद्रातल्या बेटावर एका दिवसाची सहल नेणाऱ्या त्या लहानशा कचेरीत अशा तक्रारी रोज सकाळी येत. ऐकता ऐकता मालकीणबाईंचा चहा निवून जाई.

"काल पुन्हा एकाचा फोन," त्या म्हणाल्या. "म्हणे, पक्षी होते, पण नुसते बसले होते. आता पक्ष्यांनी काय नाचायचं? पण गिऱ्हाइकाला असं बोलता येतं का?"

"काल मी नव्हतो, बाई," समोर उभा असलेला गाइड म्हणाला. "तो दुसरा होता. त्याला शिट्टी कुठं जमते?"

या गाइडला सगळे शिट्टी म्हणूनच हाक मारत. तोंडात दोन बोटं घालून तो अशी शिट्टी घाली, की बेटाच्या टोकाला वाळूवर बसलेला पक्ष्यांचा थवाच्या थवा एका दमात आभाळात उठे. पाहुण्यांचे फोन वर जात, तोंडं उघडी पडत आणि सहल वसूल होई. कचेरीच्या दारावर पाटीच होती: 'थवा उडवून दाखवू.'

"म्हणून आज तूच जा," मालकीणबाई म्हणाल्या. "एका मोठ्या कंपनीचे साहेब येताहेत. त्यांना आवडलं, तर त्यांच्या सगळ्या लोकांच्या सहली आपल्याकडे. नवी मोठी बोट येतेय, ठाऊक आहे ना? तिच्यावर मुख्य गाइड कोण, ते आज ठरेल. समजलास?"

शिट्टीला न समजायला काय झालं! या जागेची तो कधीपासून वाट पाहत होता. जागा आपलीच, असं त्याने आदल्या दिवशीच बायकोला सांगून टाकलं होतं, आणि बायकोने तिच्या आईला. म्हणजे आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

बोट चालवायला त्याचा मेव्हणा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलेली होतीच.

"दाजी, मुख्य गाइड झालात की आम्हाला ओळख द्याल ना?"

"आधी बोट सरळ चालव. मग ओळखीचं बघू."

बोटीत पंचविसेक माणसं होती. साहेब पुढे, गळ्यात भलामोठा कॅमेरा. मागच्या बाकावर कापडी टोपी घातलेली एक ठेंगणी बाई होती. बाळंतिणींच्या वॉर्डात उभा जन्म काढून आता निवृत्त झालेल्या या नर्सबाई. त्यांनी निघाल्यापासून प्रश्नांचा सपाटा लावला होता.

"पक्ष्यांना पिल्लं झालीत का?"

"सध्या अंडी आहेत, बाई. सुरय म्हणतात त्यांना. घरटं बांधायचा कंटाळा, सरळ वाळूवर अंडी घालून मोकळे!" हा त्याचा ठेवणीतला विनोद होता. लोक हसले.

"आणि अंड्यांवर बसतं कोण?"

"दोघंही. पाळीपाळीने."

"चांगलं आहे. आमच्याकडे बाप नुसते दारात उभे राहून घाम पुसायचे."

बेट जवळ आलं, तसा शिट्टी उठून उभा राहिला आणि त्याने रोजचे नियम सांगितले. हे राखीव बेट आहे. कचरा टाकायचा नाही. शंख-शिंपले उचलायचे नाहीत. दोरी बांधली आहे तिच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. या बाबतीत तो कडक होता. उतरल्यावर एका मुलीने खिशात घातलेला शंख त्याने गोड बोलून पुन्हा वाळूत ठेवायला लावला. बेट आपण जिवापाड सांभाळतो, असं त्याला मनापासून वाटे. थवा दरवर्षी लहान होत चालला होता, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. कोणी विचारलं तर तो म्हणे, समुद्र बदललाय, मासळी घटलीय, त्याला आपण काय करणार?

आधी खारफुटीतून चक्कर झाली. उथळ पाण्यातलं कासव दिसलं. मग एक मोठी घोरपड ओंडक्यावर ऊन खात पसरलेली सापडली आणि साहेब तिथेच अडकले. टोकाकडे जाणारी वाट अरुंद, सगळ्यांना एकदम नेता येत नसे. शिट्टीने अर्धी माणसं पुढे घेतली आणि बाकीच्यांना साहेबांबरोबर मागून बोलवायचं ठरवलं. नर्सबाई पुढच्या घोळक्यात होत्या.

डोक्यावर ऊन आलं होतं. दोरीपलीकडे पांढऱ्या वाळूवर पांढरे पक्षी दाटीवाटीने बसलेले. शिट्टीने सगळ्यांना फोन काढायला सांगितलं, दोन बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन शिट्टी मारली.

सगळी वाळू जणू उचलली गेली! पंखांचा आणि किंचाळण्याचा नुसता कल्लोळ झाला. "वा! वा!" लोक ओरडले. शिट्टी नेहमीप्रमाणे माणसांच्या तोंडांकडे पाहत होता. कोण खूश झालं, कोण नाही, हे बघायची त्याला सवयच लागली होती. सगळी तोंडं वर होती. एकच तोंड खाली होतं.

"अहो गाइड," नर्सबाई म्हणाल्या, "जरा खाली बघा."

त्याने खाली पाहिलं. उघड्या पडलेल्या वाळूवर ठिपक्यांची अंडी चटके खात होती. एक खेकडा बिळातून बाहेर आला, अंडं कवेत धरून मागे मागे सरकला आणि बिळात दिसेनासा झाला. तेवढ्यात काठच्या खडकावरून तीन-चार थोराड कुरव पक्षी खाली झेपावले. एकाने चोच मारली. दुसऱ्याने मारली. पिवळा बलक वाळूत पसरला.

"ते मोठे पक्षी तुमच्या शिट्टीने उडाले नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. "आपण आलो तेव्हापासून मी पाहतेय. ते खडकावर रांगेत बसले होते. सगळे तुमच्याकडे तोंड करून."

खडकावर कुरव बसतात, हे शिट्टीला ठाऊक होतं. पाहुण्यांना तो ते बोट करून दाखवायचा सुद्धा. पण ते कशासाठी बसतात, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. ते त्याची वाट पाहत बसत! त्याची शिट्टी सुरयांसाठी धोक्याची आरोळी होती, आणि कुरवांसाठी जेवणाची घंटा!

"रोज वाजवता?"

"रोज."

"एकदाच?"

"गर्दी असली की दोनदा."

नर्सबाई रागावल्या नाहीत. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"मी वॉर्डाच्या दारात उभी राहायचे," त्या म्हणाल्या. "नातेवाईक हातात फुगे घेऊन, मोठमोठ्याने बोलत यायचे. म्हणायचे, सिस्टर, फार लांबून आलोय, बाळाला एकदा उठवा ना, डोळे कोणावर गेलेत ते बघायचंय. मी म्हणायचे, डोळे कुठं पळून जात नाहीत. झोपलेलं बघायचं असेल तर बघा, नाहीतर घरी जा."

"लोक नाराज होत असतील."

"व्हायचे की! एकाने तर वरपर्यंत तक्रार नेली. पण नाराज माणूस घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. बाळाचं तसं नसतं."

"बाई, तुमचं पटतंय. पण माझं पोट या शिट्टीवर आहे."

"पोट पक्ष्यांवर आहे हो तुमचं! ते उठून गेले, की शिट्टी काय दगडांना ऐकवणार?"

थवा हळूहळू खाली उतरत होता. काही पक्षी आपल्या जागेवर येऊन नुसतेच गोल गोल फिरत राहिले. तिथे आता बसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात मागचा घोळका आला. साहेब सगळ्यांत पुढे, कॅमेरा डोळ्याला लावूनच.

"चला, होऊन जाऊ द्या. माझं चालू आहे."

नवी बोट, बायको, सासूबाई, सगळे एकदम शिट्टीच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पुन्हा एकदाच तर वाजवायची होती. उद्यापासून बंद केली असती! पण वाळूवरचा तो बलक अजून ओला होता.

"साहेब, थवा आता उडवणार नाही."

"म्हणजे? दारावरची पाटी वाचून आलोय मी."

"पाटी चुकीची आहे, साहेब. अंडी उघडी पडतात. हे बघा, आत्ताच्या शिट्टीने काय झालं ते."

साहेबांनी एक नजर टाकली. "निसर्गात हे चालायचंच."

"चालायचंच. पण इथं ताट मी वाढून देतोय."

"कमाल आहे! मग मीच वाजवतो टाळी." साहेबांनी हात उचललेही. शिट्टी दोरीकडे पाठ करून त्यांच्या समोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो पाहुण्याच्या आड आला होता.

"साहेब, माझी तक्रार करा. हवं ते बोला. पण टाळी वाजवू नका."

मग मघाची ती शंखवाली मुलगी मुकाट्याने वाळूवर बसली. नर्सबाई बसल्या. एकेक करत बरेचजण बसले. साहेब मात्र पाय आपटत बोटीकडे निघून गेले आणि आणखी चौघे त्यांच्या मागे गेले.

बसलेल्यांना आधी काहीच दिसेना. मग नजर स्थिरावली. समुद्रावरून एक सुरय आली. तिचं पोट पाण्याने निथळत होतं. अंड्याशी उभा असलेला तिचा जोडीदार बाजूला झाला आणि ती ओल्या पोटाने अंड्यावर अलगद बसली.

"अंडं गार करतेय का ती?" कुणीतरी कुजबुजलं.

"हो," शिट्टी हळूच म्हणाला. हे त्याने नुसतं ऐकलं होतं. पाहत आज होता. बसलेला थवा त्याने कधी बसू दिलाच कुठे होता?

संध्याकाळी कचेरीत पाऊल टाकलं, तेव्हा साहेबांचा फोन येऊन गेलेला होता.

"डोकं फिरलंय का तुझं?" मालकीणबाई कडाडल्या. "एवढं मोठं गिऱ्हाईक घालवलंस!"

शिट्टीने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "बाई, थवा घटला तो समुद्रामुळे, असं मी तुम्हाला सांगत आलो. तसं नव्हतं."

"आणि मग विकायचं काय आपण?"

"एकदा येऊन बघा."

"मला बोट लागते, ठाऊक आहे ना तुला?" हे खरंच होतं. बाईंनी इतकी वर्षं बेट विकलं, पण त्यावर कधी पाय ठेवला नव्हता. "मोठ्या बोटीवर तू नाहीस. जा आता."

घरी गेल्यावर बायको म्हणाली, "आता आईला मी काय सांगू?" तो म्हणाला, "जे झालं ते सांग." त्यावर ती म्हणाली, "आपण अंगण झाडताना सुद्धा किड्यामुंगीला बाजूला करतो. बरं केलंत."

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढच्या आठवड्यात नर्सबाई वॉर्डातल्या आपल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन हजर झाल्या. "शिट्टी न वाजवणारा गाइड असेल तरच आम्ही येणार," त्यांनी मालकीणबाईंना बजावलं. "आणि तुम्हीही चला. बोट लागली तर आम्ही दहाजणी नर्सा आहोत!"

मालकीणबाई गेल्या. वाटेत दोनदा ओकल्या आणि मेव्हण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण दोरीशी येऊन बसल्या, त्या उठायला तयार होईनात. वाळूत एक अंडं तडकलं होतं आणि त्यातून ओल्या लोकरीसारखं पिल्लू डोकं काढत होतं. बाईंनी तोंडावर पदर धरला. पिल्लू पुरतं बाहेर येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

"हे मी उधळून विकत होते होय रे?" परतताना त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. दोरी आणखी मागे गेली आणि घोळके लहान झाले. साहेबांची कंपनी दुसरीकडे गेली, मोठ्या बोटीचा बेत बारगळला आणि शिट्टी जुन्याच बोटीवर राहिला. काही पाहुणे अजून नाक मुरडून जातात. खडकावरचे कुरव बरेच दिवस येत राहिले, मग कंटाळून पांगले.

तुम्हीआम्हीही असेच कुठेकुठे जातो. तिकीट काढलं म्हणजे तिथल्या जिवांनी आपल्यासाठी उठावं, उडावं, नाचावं, असं आपल्याला वाटतं. तिकीट मिळतं ते पाहण्याचं, त्यांना उठवण्याचं नाही! दुसऱ्याच्या घरी लेकरू निजलेलं असताना आपण पाय न वाजवता आत जातो ना? रानात आणि बेटावर तसंच जावं. आपण येऊन गेलो हे तिथल्या आईला कळलंसुद्धा नाही, तर समजावं, आपल्याला पाहता आलं.