नकाराचा सराव

संपतच्या पायाचा अंगठा काळानिळा पडत चालला होता. अंबडच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "बिडी सुटली तर पाय राहील," आणि त्याला समुपदेशनासाठी संध्या मॅडमकडं धाडलं.

तिथं बाकावर कडूबा खोकत बसलेला. संपतचा चुलतभाऊ. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघांची केस चाललेली. एकमेकांच्या लग्नकार्यातही ते जात नसत. संपत दारातूनच परतणार होता, पण पाय ठणकला आणि तो खाली बसला.

मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. "कुणीतरी बिडी पुढं करतं आणि आपल्याला नाही म्हणवत नाही. आज त्याचाच सराव करू," त्या म्हणाल्या आणि कडूबाच्या हातात खडूचा तुकडा दिला. "ही बिडी. यांना आग्रह करा."

कडूबानं खडू संपतच्या नाकापुढं धरला. "घे की. विहीर फुकट पाह्यजे, मंग बिडीलाच काऊन लाजून राह्यला?"

"तुह्या हातची? मसणात गेलो तरी न्हाई घेणार."

"दोन दिसांत टपरीवर दिसशील."

"तूच दिसशील. जिना चढला तर छातीत भाता वाजून राह्यला तुह्या."

इतका ठाम नकार आपण आजवर ऐकला नव्हता, असं मॅडम कौतुकानं म्हणाल्या.

तेव्हापासून तल्लफ आली की संपतला खडूमागचं ते विचकलेलं तोंड दिसे, आणि खिशात गेलेला हात रिकामाच बाहेर येई. गावात रशीदच्या टपरीवर तो मुद्दाम विचारी, "कडूबा आल्ता का?"

"बिडीसाठी न्हाई भाऊ. तो भी तुझंच पुसून गेला."

पोळ्यानंतर अंगठ्यावर तांबूस रंग दिसू लागला. त्याच सुमारास कोर्टाच्या पायरीवर कडूबा आडवा आला. खोकला गेलेला.

"संपत, केस मागं घेऊन राह्यलो मी. मॅडम म्हणल्या, मनातली अढी काढा. चल, चहा पिऊ."

आवाजात टोमणा नव्हता. केस व्हायच्या आधी दोघं चहा पिऊन एकाच काडीवर बिड्या पेटवत. आज तोच जुना, मवाळ कडूबा समोर उभा होता, आणि संपतचा हात आपसूक खिशाकडं गेला. कितीतरी दिवसांनी तोंडाला पाणी सुटलं. तो घाबरला.

"केस कशाला मागं घेतो? तुह्या बापानंच खोटं बोलून पाणी लाटलं," तो म्हणाला. चुलता देवमाणूस होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कडूबाचा चेहरा तापला. "मेलेल्या बापावर जाऊन राह्यला? मंग लागू दे तारीख."

"लागू दे," संपत म्हणाला आणि न लंगडता पायऱ्या चढून गेला.