दोन घरच्या दोघी

घशाच्या ऑपरेशननंतर गुणाबाईंचा गाता आवाज गेला. त्या धवलारीण, हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी, म्हणजे धवले, त्यांनी चाळीस वर्षं लग्नालग्नांत गायले. आता त्यांच्या आवाजातले ते सारे एका जुन्या हार्ड डिस्कवर उरले होते, आणि ती परवापासून टकटक वाजत होती, कधीही बंद पडेल अशी. लेक प्रांजल ती छातीशी धरून पनवेलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आईसोबत उभी होती. घरी छोटा सर्व्हर बसवायचा, दोन डिस्कवर तेच धवले ठेवायचे, असं ठरलं होतं.

"एकाच खोक्यातल्या दोन घ्या ताई," दुकानदार भावेश म्हणाला.

गुणाबाई घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या, "एका घरच्या दोघी नको. एकीला सुतक आलं का दुसरीलापन येतं. मंग लगनात गानार कोन?"

भावेश थबकला. "खरंय मावशी. एकदम बनलेल्या कधीकधी एकदमच जातात." त्याने दुसरी वेगळ्या कंपनीची काढली. "जुनी द्या, इथंच कॉपीला लावतो."

प्रांजलची बोटं सुटेनात. "चालू केली नि मधेच गेली तर?"

"नाय केली तरी जानारच हाय," गुणाबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनीच ती लेकीच्या हातून घेऊन काउंटरवर ठेवली.