तिरका हत्ती

कारखान्याच्या मोजमाप विभागातून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना बुद्धिबळाच्या संघात सगळे ‘मायक्रोमीटर’ म्हणत, आणि त्यांना ते मानाचे वाटे. त्या दिवशी साखळीतला शेवटचा सामना होता. बाकीचे डाव आटोपले होते. मायक्रोमीटरांनी अर्धा गुण आणला तरच संघ पहिल्या श्रेणीत टिकणार होता. आणि समोर बसले होते त्यांचेच व्याही.

व्याह्यांचा डाव वरचढ होता. मायक्रोमीटरांच्या राजाची कोपऱ्यात नाकेबंदी झालेली, प्यादी अडलेली. हलू शकेल असा मोहरा एकच, वजीर. मात्र त्यांचा जीव कासावीस होत होता तो वेगळ्याच कारणाने. व्याह्यांनी आपला हत्ती मुद्दाम रेषेला टेकवून तिरका ठेवला होता.

“व्याही, हत्ती जरा घरात घ्या की.”

“घरातच आहे. एक पाय उंबऱ्यावर टाकलाय, एवढंच.”

मायक्रोमीटरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. छताकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. अखेर छत्तीस वर्षांच्या सवयीने उजवा हात सुटला आणि त्याने हत्ती अलगद घराच्या मध्यावर सरकवला. ‘सरळ करतो’ एवढे दोन शब्द आधी उच्चारायचे असतात. नेमके तेच राहून गेले.

“हात लागला!” व्याही खुर्चीतून उडाले. “पंच, हात लागला! आता मारलाच पाहिजे!”

पंचांनी मान डोलावली. हत्तीला मारू शकत होता फक्त वजीर, आणि हत्तीच्या पाठीशी व्याह्यांचे प्यादे टपून उभे होते. संघाचा कप्तान म्हणजे मायक्रोमीटरांचा भाचा. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

“मामा, काय केलंत हे!”

मायक्रोमीटरांनी निमूटपणे वजिराने हत्ती मारला. व्याह्यांनी क्षणाचीही उसंत न घेता प्याद्याने वजीर उडवला.

“हं, खेळा आता!”

मायक्रोमीटरांनी पट डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली तपासला.

“काय खेळू?” त्यांनी अगदी मनापासून विचारले.

पंच पटावर वाकले. “राजाला शह नाही, आणि खेळायला चालही नाही. डाव बरोबरीत, दोघांना अर्धा-अर्धा गुण.”

व्याह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “म्हणजे हे तुम्ही आधीच हेरलं होतं!”

“छे हो,” मायक्रोमीटर म्हणाले, “मला तर फक्त तो हत्ती...”

भाच्याने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला आणि निकालाचा कागद पुढे सरकवला.

“मामा, आधी सही करा. खरं मग बोला.”