दुसरी घागर

आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी मी अर्पितासोबत तिची मालिका पाहत बसले होते. अर्पिता म्हणजे रंगरावची, माझ्या मोठ्या मुलाची लेक. मालिकेतला तेजोधर लोखंड वाकवतो, आभाळात उडतो. पण त्या भागात तो साधा घरी जेवायला आला होता. ताटं धाकट्या भावाने मांडली. सगळी सुलटी, तेजोधरचं तेवढं पालथं. मग हसून म्हणाला, चुकलं.

"आजी, हे सिम्बॉल हाय," अर्पिता म्हणाली. "त्याच्या मनातलं असं दाखवतात. आता तो तेजोधरले मारते, पाय तू."

"जित्या माणसाचं ताट कोणी पालथं घालते का? त्याच्या मायले समजाले पायजे होतं."

"माय कुठं पाह्यते? ते पोळ्या करून राह्यली."

तेवढ्यात माझा धाकटा, सागर, लोणारच्या बाजारातून आला. मोटारसायकलच्या पिशव्यांतून त्याने दोन नव्या घागरी काढल्या आणि ओट्यावर ठेवल्या.

आमच्याकडे आखजीला गेलेल्या माणसामागे एक घागर भरतात. सासू-सासऱ्यांच्या घागरी थोरल्या दिरांकडे असतात. आमच्या घरात एकच, माझ्या मालकांची, रामरावांची. त्यांच्या पहिल्या आखजीला सागर एवढासा होता. रंगरावने त्याला कडेवर घेतलं, त्याच्या हातावर हात धरून पाणी ओतलं, आणि नंतर दोघं एकाच वाटीतला आमरस भुरकत बसले. तेव्हापासून दोघं मिळूनच ती घागर भरतात. जास्तीची कोणी आणत नाही. तडकली तर पुन्हा कुंभाराकडे जायचं.

"दोन काऊन आणल्या रे?"

"एखादी फुटली तं?"

"फुटली तं कुंभार काय गाव सोडून चालला?"

तो हसला, पण माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडच्या वावरात हॉटेल बांधायचं त्याच्या डोक्यात आहे आणि रंगराव सही करत नाही. दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद. आज मात्र सागरने घरात तोंड घालून हाक मारली, "दादा, चाल बरं वावरात. हिरीतली मोटर वर घ्या लागते."

रंगराव लगबगीने चप्पल शोधू लागला. "पाह्यलं का माय? आला न वाटेवर. तू उगीच भेतं."

"गड्याले घेऊन जा," मी म्हणाले.

"गडी गावाले गेला," सागर म्हणाला.

गड्याला त्यानेच सकाळी गावी धाडलं होतं. मी अंगणातून ऐकलं होतं. आणि विहिरीतून मोटर काढायची तर दोर लागतो. मोटारसायकलवर दोर नव्हता.

मी काठी घेऊन उठले. "मले बी वावरात यायचं हाय."

"तू काय करतं तिथं वो? ऊन पाय कसं हाय."

"हिरीजवळ बसीन. तुमाले पाह्यत."

"अन् गाडीवर तिघं कसे बसतीन?"

"मी मधात बसीन."

रंगरावला हसू आवरेना. "म्हातारीले मोटारसायकलची हौस आली बे," म्हणत त्याने मला धरून बसवलं आणि मागे स्वतः बसला. सागर किल्ली हातात धरून उभा राहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या घागरींकडे.

"राहू दे मंग," तो म्हणाला. "आखजी होऊ दे. परवा जाऊ."

"परवा तं परवा," म्हणत रंगराव उतरला.

मी उतरले नाही.