आधी रक्त तपासू

शेषेराव चाकूरहून आला तो डाळिंबाची पिशवी आणि लग्नाची तारीख घेऊनच. त्याची दिपाली बहिणीच्या, सिंधुच्या, रुद्रेशला दिलेली, साखरपुडाही उरकलेला. मामाची पोरगी भाच्याला, यात विचारायचं ते काय? सिंधु स्वतः आत्याच्याच घरात, दयानंदाला दिलेली. नात्यातलं घर, पोरगी सुखात राहते, असं सगळे म्हणत आले. ती राहिलीही सुखात.

आता मात्र रुद्रेशची धाकटी बहीण तनुजा लातूरच्या दवाखान्यात पडून होती. रक्ताचा कर्करोग. पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर केस उरला नव्हता.

"पुढच्या हप्त्यात उरकून टाकू," झोपलेल्या तनुजाच्या खाटेशी शेषेराव म्हणाला. "लेकराच्या डोळ्यादेखत अक्षता पडू दे."

सकाळीच डॉक्टरीणबाईंनी सिंधुला समजावलं होतं. पेशींमधला जनुकांचा धागा रोज कुठं ना कुठं तुटतो, आणि शरीर तो सांधून घेतं. तनुजाच्या शरीराला जन्मापासून ते सांधणंच जमत नव्हतं. मोडतोड साचत गेली आणि त्यातून कर्करोग झाला. सदोष जनुक एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून आलं असतं तर निभावलं असतं. रक्ताच्या नात्यातलं लग्न, म्हणून दोघांकडून तेच आलं.

"दादा, आधी रुद्रेशचं आन दिपालीचं रक्त तपासू."

"माझ्या लेकीत खोट काढायलीस?" शेषेराव भडकला. "गावात तोंड दाखवू का नको मी?"

"खोट माझ्यातबी हाय. तुझ्यातबी असंल. दोन्ही लेकरांत निघाली तर हे लगीन न्हाई करायचं."

आवाज चढले तशी तनुजा जागी झाली होती. भांडणाऱ्यांना त्याचं भानच नव्हतं.

"आई, तुझ्या लग्नाआधी असं तपासलं असतं तर?"

सिंधु म्हणाली, "तर लगीन झालं नसतं, पोरी."

"मंग मी?"

आता तरी ही शब्द मागं घेईल, म्हणून शेषेराव बहिणीकडं बघत राहिला. सिंधुलाही वाटलं, खोटं बोलून मोकळं व्हावं. तिला ही पोरगी हवी होती. चिडकी, हट्टी, जशी होती तशी हवी होती. तिनं तनुजाचा हात छातीशी घट्ट धरला, पण तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

"दिपालीला उद्याच रक्त तपासायला घेऊन ये, दादा," ती म्हणाली.