वरच्या झऱ्याचा घडा

मित्रांनो, मी एक जुना मातीचा घडा आहे, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. माझी एक बाजू चपटी आहे, माणसाच्या पाठीवर नीट टेकावी म्हणून. दोन्हीकडे कान आहेत. त्यांत दोरी ओवून बायका मला झऱ्यावर नेत.

अमेरिकेच्या वाळवंटात होपी आदिवासींचे आमचे गाव आहे; तिथल्या कुवानसीआजीच्या आईने मला घडवले. माती खणण्याआधी तिने मक्याचे पीठ वाहून धरणीमायची परवानगी मागितली आणि लागेल तेवढीच माती उचलली. मेंढ्यांच्या लेंड्यांच्या आगीत मी भाजून निघालो. पठाराच्या उतारावरचा 'वरचा झरा' आमच्या कुळाचा होता. आमच्याकडे कूळ आईकडून चालते आणि लग्न झाले की नवराच बायकोच्या घरी नांदायला येतो.

कित्येक वर्षे मी त्या झऱ्याचे पाणी वाहिले. पहिला घोट धरणीमायला, मग माणसांना. माझ्यातले पाणी गोड लागते, असे सगळे म्हणत. पुढे घरात नळ आला. झऱ्याकडे कुणी फिरकेना आणि तो वाळूने बुजला. मी फळीवर गेलो. माझ्या शेजारी प्लास्टिकच्या बाटल्या येऊन बसल्या. त्यातच एका गोड बोलणाऱ्या पाहुण्याने माझ्या जुळ्या बहिणीला घोंगडीत गुंडाळून नेले. ती परत आली नाही. तेव्हापासून घोंगडी दिसली की मी दचकतो.

मग आजीच्या मुलीने, नोरीनने, लग्न केले आणि दुसऱ्या पठारावरचा वेंडेल घरजावई म्हणून आला. तो मला फार न्याहाळायचा. बोटाने टकटक करून पाहायचा, तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायचा. उजाडायच्या आत बाहेर पडायचा आणि बुटांत वाळू घेऊन परतायचा. मला त्याची लक्षणे काही ठीक दिसेनात.

आजीचा भाऊ एमरीमामा तर उघडच बोलला. "ताई, तुझा जावई रोज कुठं उलथतो गं?"

"मक्याच्या शेतात जातो म्हणतो."

"शेतात? मग त्याचा मका अजून माझ्या गुडघ्याला का लागंना? परवा शहरातल्या दुकानात दिसला मला. जुन्या मडक्यांना तिकडं लई भाव आहे म्हणे. लक्ष ठेव."

आजी माझ्याकडे बघत बसली. त्या घरात तिच्या आईच्या हातचे आता माझ्याशिवाय काहीच उरले नव्हते.

आणि एके दिवशी पहाटे वेंडेलने मला घोंगडीत गुंडाळले. ओरडता आले असते तर मी गाव गोळा केले असते! गेलो आपण बहिणीच्या वाटेने, असे मी मनात म्हटले. पण त्याने मला पाठीवर घेतले आणि मोटारीच्या रस्त्याला न लागता पायवाटेने खाली उतरू लागला. मागून पावले वाजली. मामा पाळतीवर होताच. तो आजीलाही घेऊन आला होता.

वेंडेलने घोंगडी सोडली. समोर वरचा झरा होता. वाळू उपसलेली होती, ढासळलेली दगडी पायरी पुन्हा रचलेली होती. खडकातून बारीक धार येत होती, खाली वाटीभर तळे साचले होते. काठावर मक्याचे पीठ वाहिलेले होते.

"कुठं विकायला चाललास रे माझा घडा?" आजी धापा टाकत म्हणाली.

"विकायला नाही, आई. पाणी लागलं काल."

"मग दुकानात काय करत होतास?" मामा गुरगुरला.

"फावडं मोडलं होतं, मामा. नवीन आणलं."

"आन् घरात सांगायला काय जीभ झडली होती?"

"पाणी लागलं नसतं तर तुम्ही जन्मभर हसला असता."

"हसलोच असतो," मामा म्हणाला.

आजी अजून नरमली नव्हती. "उपसायच्या आधी धरणीमायला विचारलंस?"

"रोज. आधी पीठ, मग फावडं."

"मग पाणी का भरलं नाहीस?"

वेंडेल मागे सरकला. "झरा तुमच्या कुळाचा, आई. मी परक्या कुळाचा. वाळू उपसली, पण पहिलं पाणी मी कसं काढू? घडा इथं ठेवून तुम्हालाच बोलवायला येणार होतो."

आजी गुडघ्यांवर बसली. तिने धरणीमायला पीठ वाहिले आणि मला पाण्यात बुडवले. मी इतका सुकलो होतो की माझी माती पाणी शोषू लागली. माझ्या अंगातून पाझर फुटला आणि आजीची बाही भिजली.

"पी बाबा, पी," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तिने पहिला घोट जमिनीवर सोडला. दुसरा सख्ख्या भावाला न देता जावयाला दिला. मामा बघतच राहिला.

मित्रांनो, आता मी फळीवर नसतो. पण स्वभावाला औषध नाही. घोंगडी दिसली की अजून दचकतो. आणि खरे सांगू? माझी नजर तुमच्यावरही आहे. पाणी धरणीमायचे असते. ते वाळूमुळे जात नाही. आपण झऱ्याकडे जायचे सोडतो, म्हणून जाते. तुमच्या गावाचा जुना झरा, जुनी विहीर कुठे बुजून पडली आहे, सांगता येईल?

नाही ना? मला संशय होताच.